संगणकातले पेव कसे उपसावे?

शाळेत किंवा घरी संगणकावर काम करणाऱ्या पुष्कळांना एक अनुभव येतो. शिष्यवृत्ती परीक्षेची नवी यादी लागली, असे शेजारच्या गावचे गुरुजी फोनवर सांगतात. आपण आपल्या संगणकावर तेच पान उघडतो, तर तिथे जुनीच यादी! दोनदा उघडून पाहिले, पाचदा पाहिले, यादी काही बदलत नाही. अर्ज भरण्याची मुदत उद्या संपणार, मुलाचे नाव आहे की नाही ते कळत नाही, आणि जीव नुसता टांगणीला लागतो. मग कोणी जाणकार म्हणतो, "अहो, कॅश क्लिअर करा, म्हणजे दिसेल." आता ही कॅश म्हणजे काय, ती असते कुठे, आणि ती पुसली तर आपले काही जाते की काय, हे मात्र तो जाणकार सांगत नाही. आज आपल्याला तेवढ्याच गोष्टीचा विचार करायचा आहे.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर करू. कॅश म्हटले की आपल्याला रोकड आठवते. त्यामुळे "कॅश पुसून टाका" म्हटल्याबरोबर एखाद्या आजोबांच्या मनात बँकेतल्या पैशांची शंका आली, तर त्यांना हसण्याचे कारण नाही. दोन्ही शब्दांचा उच्चार एकच आहे, पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आपल्या विषयातला कॅश हा शब्द फ्रेंच भाषेतून आला. मूळ अर्थ लपवून ठेवणे. उत्तर अमेरिकेच्या रानावनांतून फिरणारे फ्रेंच व्यापारी परतीच्या वाटेवर लागणारे सामान जमिनीत खड्डा करून पुरून ठेवीत, त्या साठ्याला ते कॅश म्हणत.

म्हणजे आपल्याकडचे पेवच की हो! सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. जमिनीत खोल खड्डा, त्यात माल भरायचा, तोंड बंद करायचे, आणि लागेल तेव्हा उपसायचे. बाजार दूर असला तरी माल हाताशी राहतो, ही पेवाची सोय. पण पेवाचा एक धोकाही आहे. आत काय चालले आहे ते वरून दिसत नाही. २००५ सालच्या महापुरात हरिपूरची कितीतरी पेवे पाण्याखाली गेली. अमेरिकेतही असेच घडले होते. लुईस आणि क्लार्क या दोघा प्रवाशांनी १८०५ साली मिसूरी नदीच्या काठी आपले सामान असेच पुरून ठेवले. १८०६ साली परतताना लुईसने एक खड्डा उघडला, तर नदीचे पाणी आत शिरून अस्वलाची कातडी कुजलेली आणि जमवलेले वनस्पतींचे नमुने नासलेले! साठवलेली वस्तू हाताशी असते, पण ती चांगली असेलच अशी खात्री नसते. संगणकातल्या कॅशचे गुण आणि दोष नेमके हेच आहेत.

संगणकशास्त्रात ही कल्पना काही आजची नाही. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली एक निबंध लिहून असे सुचवले, की संगणकाच्या मोठ्या पण मंद स्मृतीच्या जोडीला एक लहान पण चपळ स्मृती ठेवावी, आणि वारंवार लागणाऱ्या गोष्टी तिच्यात ठेवाव्यात. १९६८ साली आयबीएम कंपनीच्या एका मोठ्या यंत्राचे वर्णन छापले गेले, त्यात अशा चपळ स्मृतीला कॅश हे नाव दिलेले आढळते. पुढे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली महाजालाची, म्हणजे वेबची, कल्पना मांडली आणि १९९० साली पहिला ब्राउझर तयार केला. ब्राउझर म्हणजे महाजालावरची पाने आपल्याला आणून दाखवणारा कार्यक्रम. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी ही आजच्या ब्राउझरांची नावे तुमच्या ओळखीची असतील. या ब्राउझरलाही पेवाची गरज लागली. ती का, ते आता पाहू.

आपण एखादे पान उघडतो, तेव्हा ते पान एकाच तुकड्यात येत नाही. मजकूर वेगळा येतो, प्रत्येक चित्र वेगळे येते, अक्षरांचे वळण वेगळे येते, रंग आणि मांडणी यांच्या सूचना वेगळ्या येतात. हे सर्व तुकडे दूरच्या कुठल्यातरी संगणकावर ठेवलेले असतात. समजा तो संगणक न्यूयॉर्कला आहे. मुंबईपासून न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे १२,५०० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन २५,००० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर धावतो. तेव्हा एका फेरीला निदान सेकंदाचा आठवा हिस्सा लागणारच. त्यापेक्षा लवकर निरोप येणे निसर्गाच्या नियमातच बसत नाही. एकामागून एक अशा दहा फेऱ्या झाल्या, की सव्वा सेकंद नुसता वाटेतच गेला. शिवाय आपल्या गावचे नेट कसे असते, ते मी सांगायला नको!

म्हणून ब्राउझर एक शहाणपणा करतो. एकदा आणलेले चित्र, एकदा आणलेली मांडणी यांची एक प्रत तो आपल्याच संगणकाच्या डिस्कवर ठेवून देतो. दुसऱ्या दिवशी तेच पान उघडले, की शाळेचे बोधचिन्ह पुन्हा दूरवरून न आणता पेवातून काढून देतो. वेळ वाचतो आणि डेटाही वाचतो. या प्रतींचा जो साठा, तीच ब्राउझरची कॅश.

आता कोणी विचारील, की मूळ पान बदलले तर? ही शंका अगदी बरोबर आहे, आणि तिची सोय करून ठेवलेली आहे. पान पाठवणारा संगणक प्रत्येक तुकड्यासोबत एक चिठ्ठी पाठवू शकतो. हा तुकडा किती काळ ताजा समजावा, ते त्या चिठ्ठीत सेकंदांत लिहिलेले असते. ८६,४०० असे लिहिले असेल तर एक दिवस, कारण एका दिवसात तितके सेकंद असतात. तेवढा काळ ब्राउझर काही न विचारता आपल्याजवळची प्रत दाखवतो. मुदत संपली, की तो दूरच्या संगणकाला विचारतो, "माझ्याजवळ अमुक प्रत आहे, त्यानंतर काही बदल झाला का?" बदल नसेल तर ३०४ या आकड्याचे एक छोटेसे उत्तर येते. त्याचा अर्थ इतकाच, की बदल नाही, तुमच्याजवळचेच वापरा. बदल झाला असेल तर नवा तुकडा येतो. दोन संगणकांनी आपसात बोलण्याचे हे नियम १९९६ आणि १९९७ साली लिखित स्वरूपात प्रसिद्ध झाले, आणि कॅशविषयीच्या नियमांची सुधारलेली आवृत्ती २०२२ साली निघाली.

इतकी चोख व्यवस्था असताना शिळे पान दिसते कसे? बहुधा चिठ्ठीतल्या चुकीमुळे. पान तयार करणाऱ्याने एखाद्या तुकड्यावर एक वर्षाची मुदत लिहिली, आणि चार दिवसांनी त्याच नावाने नवा तुकडा ठेवून दिला. तुमच्या ब्राउझरला ते कळणार कसे? तो बिचारा वर्षभर जुनीच प्रत काढून दाखवणार. कधी चिठ्ठीच नसते, मग मुदत किती धरावी याचा ब्राउझर आपल्या अंदाजाने निर्णय करतो. कधी नवा मजकूर येतो पण मांडणीचा तुकडा जुनाच राहतो, त्यामुळे पान विस्कटते, बटण दाबले तरी काही घडत नाही. क्वचित नेट मध्येच तुटल्याने अर्धवट तुकडाही साठ्यात राहतो. अशा वेळी पेव उपसून टाकणे हा योग्य उपाय आहे.

मात्र उपसण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण नुकसान होते ते इथेच. ब्राउझरच्या कोठारात एकच ढीग नसतो, चार निरनिराळे ढीग असतात. पहिला ढीग कॅशचा, म्हणजे पानांच्या तुकड्यांच्या प्रतींचा. हा पुसला तर काहीही कायमचे जात नाही, मूळ माल दूरच्या संगणकावर शाबूत असतो. दुसरा ढीग हिस्टरीचा, म्हणजे तुम्ही कोणकोणती पाने पाहिली त्यांच्या यादीचा. तिसरा ढीग कुकींचा. कुकी म्हणजे ओळखीचा बिल्ला. तुम्ही नाव आणि पासवर्ड देऊन एखाद्या ठिकाणी आत गेलात, की ते ठिकाण तुमच्या ब्राउझरजवळ एक बिल्ला ठेवते. लू मोंतुली यांनी १९९४ साली ही युक्ती काढली. कुकी पुसल्या, की बिल्ले गेले, आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा पासवर्ड द्यावा लागतो. संगणकावर जोडलेले व्हॉट्सॲपदेखील फोनवरून पुन्हा जोडावे लागते. चौथा ढीग जतन केलेल्या पासवर्डांचा. तो पुसला आणि पासवर्ड वहीत कुठे लिहून ठेवलेले नसले, तर काय गत होते ते सांगायला नकोच. अर्जाची मुदत संपायला एक तास राहिलेला असताना असे होणे म्हणजे जुनी यादी परवडली!

गंमत अशी, की हे सारे ढीग पुसण्याची चौकट एकच असते. तिच्यात कॅशच्या जोडीला हिस्टरी आणि कुकी यांच्यापुढेही बहुधा आधीच खूण केलेली असते. न वाचता बटण दाबणारा माणूस म्हणूनच फसतो.

आता प्रत्यक्ष कृती. सगळे पेव उपसण्याआधी तीन सोपे उपाय करून पाहा. अर्धवट भरलेला अर्ज पडद्यावर असेल तर तो आधी पुरा करा किंवा जतन करा, कारण पान पुन्हा आणताना भरलेल्या चौकटी रिकाम्या होऊ शकतात.

पहिला उपाय, कळफलकावरच्या कंट्रोल आणि शिफ्ट या दोन कळा दाबून धरा आणि आर ही कळ दाबा. म्हणजे ब्राउझर पेवाकडे न पाहता तेवढे एक पान पुन्हा मुळापासून आणतो. क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्हींत हे चालते. पुष्कळदा काम इथेच भागते.

दुसरा उपाय, तेच पान खाजगी खिडकीत उघडा. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन. फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी. ही खिडकी जुन्या पेवातून काही घेत नाही, आणि तुमचे बिल्लेही वापरत नाही. तिथे पान ताजे दिसले, तर दोष तुमच्या साठ्यातला हे ठरले. जुनेच दिसले, तर मग तिसरा उपाय.

तिसरा उपाय, दुसऱ्या कोणाच्या फोनवर, त्याच्या स्वतःच्या नेटवर तेच पान पाहा. तिथेही जुनीच यादी असेल, तर नवी यादी मुळातच लागलेली नाही, किंवा वाटेतल्या कुठल्या साठ्यात जुनी प्रत अडकली आहे. वाटेतही असे साठे असतात बरे का, आणि ते उपसणे तुमच्या हाती नसते. मग तुम्ही घरचा संगणक दहा वेळा पुसला तरी उपयोग नाही. थोडा वेळ थांबावे, किंवा संबंधित कार्यालयाला विचारावे, हेच बरे.

दोष आपल्याच साठ्यात आहे असे ठरले, म्हणजे पुढे जा. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबा. वर सांगितलेली चौकट उघडेल. तिच्यात प्रथम काळ निवडायचा असतो. गेला एक तास, गेला दिवस, असे पर्याय असतात. शिळी प्रत केव्हाची आहे ते माहीत नसते, म्हणून सर्व काळ हा पर्याय घ्या. नंतर खुणा पाहा. क्रोम आणि एजमध्ये 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स' आणि फायरफॉक्समध्ये 'टेम्पररी कॅश्ड फाइल्स अँड पेजेस' अशी जी ओळ असते, तेवढ्या एका ओळीपुढे खूण ठेवा. बाकीच्या ओळींपुढच्या खुणा काढून टाका. एकदा सावकाश वाचून घ्या, आणि मगच 'डिलीट' किंवा 'क्लिअर' हे बटण दाबा. थोडा वेळ लागेल. मग ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा आणि पान पाहा.

आणखी एक सावधगिरी. पुष्कळ जण ब्राउझरमध्ये आपल्या खात्याने आत गेलेले असतात, आणि त्यांचा फोन व संगणक एकमेकांशी जुळवलेला असतो. अशा जुळणीत संगणकावर हिस्टरी किंवा पासवर्ड पुसले, तर ते फोनवरूनही जाऊ शकतात. कॅशचे तसे नाही. ती ज्या त्या यंत्रापुरतीच असते. म्हणूनही खूण एकाच ओळीपुढे असावी, असा माझा आग्रह आहे.

काही मंडळी रोज सकाळी देवपूजेप्रमाणे कॅश पुसतात. त्यामुळे संगणक जलद चालतो, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः होते ते उलटेच. पेव रिकामे केले, की प्रत्येक तुकडा पुन्हा दूरवरून आणावा लागतो, आणि पहिला काही काळ पाने सावकाश उघडतात. हिशेब करून पाहा. समजा शाळेत २० संगणक आहेत, आणि रोज लागणारे एक पान २ मेगाबाइटचे आहे. त्यातले १.८ मेगाबाइट पेवातून मिळत होते. रोज पेव उपसले, तर त्या एका पानापायी रोज ३६ मेगाबाइट डेटा फुकट जाईल. जागा भरून जाईल ही भीतीही नको. साठ्याला मर्यादा असते, आणि ती गाठली की ब्राउझर आपणहून जुने तुकडे काढून टाकतो. तसेच कॅश पुसल्याने व्हायरस जातो, हीही समजूत चुकीची आहे. फोनवरून कोणी अनोळखी माणूस "तुमची कॅश भरली आहे, मला तुमचा पडदा दाखवा, मी साफ करतो," असे म्हणाला, तर सरळ फोन खाली ठेवा. वर सांगितलेल्या तीन कळा तुमच्या कळफलकावर आहेत. त्यासाठी परक्याला घरात घेण्याची गरज नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि खेड्यातल्या मंडळींच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. आपल्यापैकी अनेकांचा संगणक स्वतःचा नसतो. शाळेतला असतो, सेवा केंद्रातला असतो, नाहीतर शेजाऱ्याचा असतो. तिथे आपण आधार कार्डाची प्रत काढतो, बँकेचे खाते पाहतो, मुलीचा अर्ज भरतो. काम झाल्यावर "कॅश पुसली, आता काळजी नाही," असे कोणी म्हणाले तर ते पुरेसे नाही. कॅश पुसली तरी बिल्ला तिथेच राहतो, आणि पुढच्या माणसाला तुमचे खाते उघडे सापडू शकते. म्हणून प्रथम 'लॉग आउट' किंवा 'साइन आउट' करून बाहेर पडा. शिवाय उतरवून घेतलेली आधारची किंवा सात-बाराची फाइल ही कॅश नव्हे. ती 'डाउनलोड्स' नावाच्या कप्प्यात जशीच्या तशी असते. ती वेगळी पुसावी लागते, आणि मग 'रिसायकल बिन'ही रिकामा करावा लागतो. पासवर्ड जतन करू का, असे ब्राउझरने विचारले, तर परक्या संगणकावर नाही म्हणावे. सर्वांत उत्तम म्हणजे अशा ठिकाणी पहिल्यापासून खाजगी खिडकीतच काम करावे. अशा सर्व खिडक्या बंद केल्या, की त्यांतले बिल्ले, यादी आणि प्रती ब्राउझर आपणहून टाकून देतो. उतरवलेली फाइल मात्र तेव्हाही मागे राहते, हे विसरू नका.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. हा विषय मुलांना फळ्यावर सांगण्यापेक्षा करून दाखवावा. पुष्कळ चित्रे असलेले एखादे पान उघडा आणि मुलांना घड्याळ लावायला सांगा. पान बंद करून पुन्हा उघडा, पुन्हा वेळ मोजा. मग कॅश पुसून तिसऱ्यांदा उघडा. तीन आकडे शेजारी शेजारी मांडले, की पेवाची सोय मुलांना आपोआप उमगेल. त्यानंतर चौकटीतल्या ओळी एकेका मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि कोणत्या ढिगात काय आहे ते त्यांनाच सांगू द्या. शाळेचे स्वतःचे पान असेल, तर नवी यादी जुन्याच नावाने न ठेवता नव्या नावाने ठेवण्याची सवय लावा. नाव बदलले म्हणजे पालकांचा ब्राउझर जुनी प्रत काढूच शकत नाही, आणि कोणाच्या घरी पेव उपसण्याची वेळच येत नाही.

तेव्हा मंडळी, जुने पान दिसले तर घाबरू नका. आधी पान मुळापासून आणून पाहा, मग खाजगी खिडकीत पाहा, मग दुसऱ्याच्या फोनवर पाहा. दोष आपल्या साठ्यात ठरला तरच पेव उपसा, आणि उपसताना एकाच ओळीपुढे खूण ठेवा. कोणता ढीग आपण काढतो आहोत हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे दाणे कधी कोंड्याबरोबर जात नाहीत.